घडीचा कॅमेरा

परवा माझा नातू कुठल्याशा जुन्या बाजारातून एक छोटा फिल्मचा कॅमेरा घेऊन आला. विकणाऱ्याने तो बघायला म्हणून दिला होता. "आजी, घेण्यासारखा आहे का, सांग," म्हणाला. हल्ली पोरांना पुन्हा रोलचं वेड लागलंय. मी चष्मा पुसला, मागचं झाकण उघडलं, भिंग खिडकीच्या उजेडाकडे धरलं, कळ दाबून कानाशी आवाज ऐकला आणि मग पहिलं काय विचारलं तर, "कुणाचा आहे?" तो हसला. "कुणाचा का असेना, चालतो का ते बघ ना." त्याला माझा प्रश्न म्हातारपणाचा वाटला असणार. पण तो प्रश्न मुळात माझा नाहीच, माझ्या वडिलांचा, आबांचा आहे. मी तो त्यांच्याकडून कधी उचलला ते मात्र मला नेमकं आठवतं, म्हणून ती गोष्ट लिहून ठेवते.

मळवलीला आमचं घर रुळांच्या खालच्या अंगाला होतं. कौलारू, मातीच्या भिंतींचं, पुढे ओटा आणि मागे गोठा. फाटकाची घंटा वाजली की आई चुलीवरचं भांडं उतरवायची, कारण मालगाडी गेली की आढ्यावरची धूळ थेट कालवणात पडायची. भात आमच्याच खाचरांतला, आंबेमोहर. तो शिजायला लागला की ओट्यावर बसलेल्या माणसालाही भूक लागे. पावसाळ्यात खेकड्यांचं तिखट कालवण, उन्हाळ्यात सुकट आणि तांदळाची भाकरी. पण खाचरं थोडी, त्यावर वर्ष निघत नसे. म्हणून आबा रुळांच्या पलीकडे, भाजे गावाच्या रस्त्यावर, मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला सांभाळत; दुपारचं जेवणही तिथेच होई. मालक वारले होते. त्यांची पत्नी, आम्ही सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत असू, सुट्टीला येऊन राहत. एरवी बंगल्याच्या किल्ल्यांचा जुडगा आबांच्या कमरेला असे. आबा घराकडे निघाले की आधी तो जुडगा ऐकू यायचा आणि मग आबा दिसायचे.

आबांचा कशावरच विश्वास नसे. दूध घेताना ते मनगटावर थेंब टाकून तो किती जाड ओघळतो ते बघत. वाण्याचं माप हातात घेऊन उलटं आपटून बघत, बुडाला मेण तर चिकटवलेलं नाही ना म्हणून. कुणी फार गोड बोलला की तो गेल्यावर म्हणत, "ह्याचं काय अडलंय ते कळंलच." आई वैतागायची. पण या स्वभावाला एक कारण होतं. मी लहान असताना बंगल्यावर आलेल्या एका पाहुण्याचं मनगटी घड्याळ हरवलं. हवालदार आला आणि आबांना अख्खी दुपार चावडीवर बसवून ठेवलं. गावातली माणसं मुद्दाम तिकडून जात होती. पुढे घड्याळ त्या पाहुण्याच्याच मुंबईच्या घरी सापडल्याचा निरोप आला, पण निरोप तेवढाच. चावडीवर नेताना गाव जमलं होतं. घड्याळ सापडल्याचं सांगायला कुणीच गाव जमवलं नाही. तेव्हापासून आबा बंगल्यातून निघताना सदऱ्याचे खिसे बाहेर काढून झटकत. समोर कुणी असो वा नसो. रिकाम्या व्हरांड्यात एकटा माणूस खिसे झटकतोय, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

मी मॅट्रिक झाले आणि लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. माझं काम फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने बुजवायचं, प्रिंट धुवायच्या, कडा कापायच्या. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, असा अण्णांचा दंडक. डोहाळजेवणाच्या बायका फुलांच्या वाड्या घालून यायच्या आणि अण्णांसमोर लाकडासारख्या ताठ बसायच्या. अण्णा "हसा" म्हणाले की आणखीच घाबरायच्या. पण त्या निदान यायच्या तरी. आमच्या गावाकडच्या घरांतून गरोदर सुनेला बाजारात परक्या पुरुषापुढे बसायला कोण पाठवणार? फाटकवाल्याची बायको मला एकदा म्हणाली, "सुमन, तूच का न्हाई काढत? घरी येऊन काढलंस तर आमी समद्या बसू." तेव्हापासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. कॅमेरा हवा. स्वतःचा.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून बाईसाहेबांचा पुतण्या शिरीष परीक्षेचा अभ्यास करायला म्हणून बंगल्यावर येऊन राहिला होता. गोरा, केस मागे वळवलेले, बोलायला अतिशय आर्जवी. अभ्यास करताना मी त्याला पाहिलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी आबांना निरोप द्यायला गेले तर तो व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसला होता. मी स्टुडिओत काम करते हे त्याला आबांकडून कळलं होतं. "थांब, तुला गंमत दाखवतो," म्हणत तो आत गेला आणि तळहाताएवढी एक काळी चपटी डबी घेऊन आला. कळ दाबली तशी पुढची झडप खाली पडली आणि आतून कातडी भात्यासकट भिंग पुढे आलं. घडीचा कॅमेरा! जर्मन बनावटीचा, लढाईच्या आधीचा. अण्णांकडे तसा एक कपाटात होता, पण तो मी फक्त काचेतून पाहिलेला.

"काकांचा. नुसता पडून आहे," तो म्हणाला. "तुला उपयोग होईल. घेतेस?"

त्याने किंमत सांगितली. माझ्या दोन पगारांत बसेल एवढी. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. असला कॅमेरा त्याच्या तिप्पट किमतीला मिळाला तरी माणूस विचार न करता घेईल, एवढं मला अण्णांच्या दुकानात बसून कळलेलं होतं.

"घरी ने, बघ, वापरून बघ," तो म्हणाला. "फक्त काकू यायच्या आत उरकून टाकू. तिला उगाच काकांची आठवण नको."

मी ओढणीत गुंडाळून कॅमेरा घरी आणला. आबा संध्याकाळी आले, किल्ल्या खुंटीला लावल्या आणि ओट्यावरची ती डबी बघून उभेच राहिले.

"ह्ये कुटनं आलं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी डबीला बोटही लावलं नाही. "शिरीषभाऊचं हाय का त्यांच्या चुलत्याचं?"

"काकांचं. पण काका तर वारले ना?"

"मग बाईसायबांचं झालं."

"आबा, आपण विकत घेतोय. चोरत नाही."

"इकत घेतलेलं आनि चोरलेलं सारकंच दिसतं, पोरी. वस्तूवर काय लिवलेलं असतंय व्हय?"

मी चिडले. वस्तू चांगली असेल तर बाकीचं कशाला बघायचं, असं माझं वय होतं. मी आईकडून बॅटरी घेतली आणि भाताच्या कणग्यांच्या खोलीत गेले. तिथे दिवसाही काही दिसत नसे. मागचं झाकण उघडून बॅटरी भात्याच्या आत धरली आणि बाहेरून घडीन्‌घडी बघत गेले. भात्याला भोक असेल तर उजेड तिथून डोकावतो, आणि तोच उजेड फोटो काढताना आत शिरून फिल्म खराब करतो. एका कोपऱ्यात सुईच्या अग्राएवढा एक पिवळा ठिपका दिसला. बाकी भाता घट्ट होता. मग दारात येऊन भिंग उजेडाला धरलं. कडेला कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक पांढरी बुरशी होती. आमच्याकडच्या पावसाळ्यात चपलेवर धरते तशी भिंगावरही धरते. मधोमध पोचली तर कॅमेरा गेला, कडेला असली तर चालतं. शेवटी कळ ओढून भिंगामागची पापणी, म्हणजे शटर, एकेका वेगावर सोडत गेले. जलद वेगांना खटकन्‌ आवाज यायचा. सावकाश वेगांना मात्र ती कण्हत, रेंगाळत मिटायची. आतलं तेल घट्ट झालं होतं. दिवसाउजेडी काढायच्या फोटोंना त्याचं काही अडत नव्हतं.

आबा उंबऱ्यावर बसून सगळं बघत होते. "काय म्हंतोय?"

"चांगला आहे. भात्याला एक भोक आहे, ते काळ्या पट्टीने बुजेल. भिंग उत्तम. याच्या दुप्पट दिले तरी फसणार नाही."

"मग त्यो निम्म्यात का देतोय?"

मी म्हणाले, "त्याला कळत नसेल."

"कळत न्हाई म्हनून देतोय, का कळतंय म्हनून देतोय?" आबा उठले. "बंगल्यातल्या कपाटाला नवं कुलूप लागलंय. दिवाळीपास्नं. बाईसायबांनी सोता मुंबईस्नं आनलं. त्याची किल्ली माझ्याकडं दिली न्हाई."

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला त्या कुलपात विशेष काही वाटलं नाही; बाई माणसाचं कपाट, लावलं असेल कुलूप. आबांना मात्र त्या बंगल्यातली प्रत्येक खिळाचूक पाठ होती. एखादी किल्ली आपल्याकडे येत नाही याचा अर्थ काय, हे ते इतके महिने मनाशी घोळवत होते आणि कुणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडून एक रोल घेतला, माझ्या पगारातून कापायला सांगून. गायीचा फोटो काढला, ओट्यावर सूप धरून बसलेल्या आईचा काढला. मग बंगल्यावर गेले, तर शिरीष म्हणाला, "माझाही काढ की एक. बघू तुझा हात." स्वतःच जाऊन कॅमेऱ्याची कातडी पेटी घेऊन आला, ती खांद्याला तिरकी अडकवली, पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला आणि असा काही हसला की मी कळ दाबताना स्वतःही हसले. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्याला लपवाछपवी करायची होती आणि मिरवायचंही होतं. अशा माणसांना दोन्ही एकदम हवं असतं.

रोल धुतला तेव्हा अण्णा शेजारी उभे होते. फोटो लख्ख होते. आईच्या हातावरच्या बांगड्या मोजता आल्या असत्या. फक्त प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात त्या भोकाची पांढरी कोर उमटली होती. मला वाटलं, अण्णा काहीतरी चांगलं बोलतील. ते म्हणाले, "कॅमेरा कुणाचा गं हा?"

"विकत घेतेय. बंगल्यावरच्या..."

"तुझे वडील राखतात त्या बंगल्यावरच्या?" त्यांनी प्रिंट टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, पण माझ्याकडे न बघता बोलले. "हे बघ सुमन, तू चांगली मुलगी आहेस. पण भानगडीचा माल माझ्या दुकानात आणू नकोस. उद्या कुणी विचारायला आलं तर मी काय सांगू?"

त्यानंतर दिवसभर मी काउंटरच्या आत गेले की ते सहज म्हणून गल्ल्याच्या जवळ येऊन उभे राहायचे. दोन वर्षं काम करत होते मी तिथे. घरी येताना गाडीत कॅमेरा माझ्या पिशवीत होता आणि मी ती पिशवी छातीशी धरून बसले होते. समोरच्या बाईने नुसतं बघितलं तरी मला वाटे, हिलाही संशय आलाय. उतरले तेव्हा आबा फलाटावर होते. मी एवढंच म्हणाले, "आबा, तुम्ही म्हणाल तसं करू."

"बाईसायबांफुडं ठिवायचा," ते म्हणाले. "त्या हो म्हनल्या तर घ्यायचा."

शिरीषला आम्ही हे कळवलं नाही. तो दोनदा घाई करून गेला होता. दुसऱ्या वेळी तर किंमत आणखी उतरवून. आबांनी त्याला "बगतो, बगतो" म्हणून परत पाठवलं आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "आता तर घ्यायचाच न्हाई तसा."

आठवड्याच्या शेवटी बाईसाहेब आल्या. पांढरी साडी, डोळ्यांना जाड काचा, बोलणं हळू. व्हरांड्यात चहा चालला होता, शिरीष समोर बसून बिस्किट बुडवत होता. आबांनी पंच्यात गुंडाळलेला कॅमेरा टेबलावर ठेवला आणि पंचा सोडला.

बाईसाहेबांचा कप बशीवर आपटला. "हा... हा कुठे मिळाला?"

आणि त्यांनी बघितलं ते आबांच्या कमरेच्या जुडग्याकडे. क्षणभरच, पण मी ते पाहिलं. आबांनीही पाहिलं.

मी शिरीषकडे बघितलं. तो आता बोलेल असं मला वाटत होतं. त्याने बिस्किट तोंडात टाकलं. मीच म्हणाले, "शिरीषभाऊंनी विकायला दिला मला. घ्यायच्या आधी तुम्हाला विचारायला आलो."

"मी?" तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला. "काकू, मी कशाला देईन? मी तर हा आज पहिल्यांदा बघतोय."

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. चावडीवरची ती दुपार पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिली असणार. त्यांचे दोन्ही हात आपोआप सदऱ्याच्या खिशांकडे गेले. ते बघून माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. शिरीषला द्यायला म्हणून आणलेली त्याची प्रिंट माझ्या पिशवीत होती. मी ती काढून बाईसाहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"हा याच कॅमेऱ्याने काढलाय. हीच पायरी. खांद्याला याचीच पेटी आहे."

बाईसाहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत होत्या. नवऱ्याची कातडी पेटी पुतण्याच्या खांद्यावर, आणि तो खदखदून हसतोय. माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो, ज्यात माणूस न अवघडता उभा होता. पुढे हजारो माणसं माझ्या कॅमेऱ्यासमोर बसली, पण इतकं मोकळं हसू मला फार थोड्यांचं मिळालं.

"शिरीष, आत जा," बाईसाहेब म्हणाल्या. तो गेला. मग त्या आबांकडे वळल्या. "महादू, दिवाळीपासून सापडत नव्हता हा. मी सगळं घर शोधलं. मला वाटलं..."

"महादूनं नेला," आबांनी वाक्य पुरं केलं.

त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"म्हनून कुलूप आनलं."

"तुला विचारायचा धीर झाला नाही रे," त्या म्हणाल्या. "त्या घड्याळाच्या वेळेस तुला केवढा त्रास झाला होता. पुन्हा कसं विचारू?"

दिवाळीला त्यांनी आबांना नवं धोतर दिलं होतं आणि आईला लुगडं. आमच्यासाठी लाडवांचा डबा पाठवला होता. ते लाडू आम्ही किती कौतुकाने पुरवून खाल्ले होते! आणि तो डबा भरताना त्यांच्या मनात आबा चोर होते. मला तर त्या लाडवांची चव तिथल्या तिथे कडू लागली.

बाईसाहेबांनी कॅमेरा माझ्याकडे सरकवला. "घे मुली. पैसे नकोत. माझ्याकडून."

मला तो किती हवा होता! हात पुढे गेलाही असता. पण अण्णांच्या दुकानातला तो दिवस आठवला. मी म्हणाले, "फुकट नको, बाईसाहेब. पहिल्यांदा ठरली होती ती किंमत देईन. पण इथे नको. आमच्या घरी येऊन, माणसांदेखत, तुमच्या हाताने द्या."

आबांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी त्यांना न विचारता, त्यांच्या मालकिणीशी असं बोलेन हे त्यांना कधी वाटलं नसावं. बाईसाहेबांनी कप बाजूला सारला आणि चपला मागवल्या.

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच फाटक ओलांडून आमच्याकडे आल्या. फाटकवाला बघत राहिला, त्याची बायको पोटाशी पदर धरून मागोमाग आली, आणि आळीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून ओट्याभोवती जमल्या. आईने घोंगडी अंथरली, घाईघाईने चहा टाकला. बाईसाहेबांनी तो फुंकून फुंकून सगळा प्यायला. मग उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हा माझ्या यजमानांचा कॅमेरा. मी तो सुमनला विकतेय." मी साठवलेले पैसे दिले, त्यांनी ते घेतले आणि कॅमेरा माझ्या ओंजळीत ठेवला. फाटकवाल्याची बायको म्हणाली, "म्हंजे आता माझं डोहाळजेवन पक्कं!" आणि सगळ्या हसल्या. तिच्या त्या डोहाळजेवणाचे फोटो मीच काढले. भात्याच्या भोकावर काळी पट्टी होती, वरच्या कोपऱ्यात कोर आली नाही, आणि त्या घरापासून पुढे परंदवडीपर्यंतच्या बायकांनी मला बोलावलं. स्टुडिओ मी लवकरच सोडला. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी बायका हसत असतानाच आबांनी कमरेचा जुडगा सोडला आणि बाईसाहेबांच्या पुढे धरला.

"ह्या पन घिऊन जा."

"महादू, असं नको करू," बाईसाहेब म्हणाल्या. "शिरीषला मी उद्याच परत पाठवते. चूक त्याची आहे."

"त्याची चूक हायच. पर त्यो परका. त्याला मी वळखून व्हतो." आबांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमी मला येकदा ईचारलं असतं तर मी माझं घर झाडून दावलं असतं. हवालदार बलावला असता तरी चाललं असतं. तुमी ईचारलंच न्हाई. गोड बोलत राह्यला आनि मी रोज खिसं झटकत राह्यलो. आता तितं पाय वळायचा न्हाई."

बाईसाहेबांनी जुडगा घेतला. फाटकापर्यंत आई त्यांना सोडायला गेली. आळीतल्या बायका पांगल्या. आबा ओट्यावर बसले, पाय पसरले आणि समोरच्या खाचरांकडे बघत राहिले. मी हातात कॅमेरा घेऊन उभी होते. बंगल्याचा पगार गेला, आता महिना कसा निघणार, हा हिशेब माझ्या तोंडावर दिसत असणार.

आई परत आली. तिने चहाचे पेले गोळा केले, घोंगडी झटकून घडी केली आणि दाराशी थांबून म्हणाली, "अवो, उद्यापास्नं दुपारचं घरीच जेवाल न्हवं?"

"व्हय."

"मग मूठभर तांदूळ वाढवाय पायजेत," ती म्हणाली आणि आत जाऊन कणगीचं झाकण काढू लागली.